द्वीपकमानींखालचं कवच

लेखात ज्वालामुखी द्वीपकमानींखालच्या (समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांच्या कमानीसारख्या रांगांखालच्या) भूकवचाला ‘फुगलेलं सागरी कवच’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. जाडी वाढते हे खरं. सागरी कवच साधारण ७ किमीचं, तर जपानच्या दक्षिणेकडील इझू-बोनिन कमानीच्या उत्तर भागात ते २० किमीच्या आसपास. पण खरी गंमत मधल्या थरात आहे! १९९० च्या दशकात तिथे कृत्रिम भूकंपलहरी सोडून तपासणी झाली, तेव्हा या थरात प्राथमिक लहरींचा (भूकंपलहरींपैकी सर्वात वेगवान) वेग सेकंदाला ६ किमीच्या जरा वर निघाला. सागरी कवचाच्या खालच्या भागातल्या गॅब्रो या जड, गडद खडकात लहरी याहून वेगाने जातात. हा वेग टोनलाइटसारख्या, सिलिका जास्त असलेल्या खडकाशी जुळतो. खंडांचं कवचही सिलिका जास्त असलेलं, म्हणजे भर समुद्रात खंडाचा कच्चा माल घडतोय. ही कमान जपानच्या होन्शू या मुख्य बेटाला जिथे धडकली, त्या तान्झावा डोंगरात असा टोनलाइट उघडा पडलेला दिसतो, म्हणून हा अंदाज नुसता कागदावरचा नाही.

अलास्काजवळच्या अल्यूशियन कमानीत मात्र कवच जाड असूनही एकूण घडण बरीच बेसॉल्टी, म्हणजे सिलिका कमी असलेली आणि जड. खंडीय कवचाची सरासरी घडण अँडेसाइट या बेसॉल्टहून जास्त सिलिकाच्या खडकासारखी, मग कमानींपासून खंड घडत असतील तर जादा जड भाग जातो कुठे? कवचाच्या तळाचा जास्त घनतेचा थर सुटून खालच्या प्रावरणात (कवचाखालच्या जाड थरात) बुडत असावा, हे स्पष्टीकरण मला सर्वात सबळ वाटतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही, तो हवाच होता.