पिट्सबर्गची भट्टी आणि परळचा भोंगा

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्याकडून फोन येऊ लागतात. कोणाची मुलगी न्यू जर्सीत असते, कोणाचा मुलगा ओहायोत. आईवडील उन्हाळ्यापुरते आलेले असतात, नायगारा आणि वॉशिंग्टनचे बेत पक्के झालेले असतात, आणि त्यातून उरलेले दोन दिवस आमच्या वाट्याला येतात. मग ठरलेला प्रश्न विचारला जातो : पिट्सबर्गला बघण्यासारखे काय आहे? खरे तर विचारणाऱ्याने मनाशी उत्तर ठरवलेलेच असते. पेन हिल्सच्या टेकडीवर श्री वेंकटेश्वराचे देऊळ आहे. ते १९७०च्या दशकात उभे राहिले आणि अमेरिकेतील सर्वांत जुन्या पारंपरिक हिंदू मंदिरांत त्याची गणना होते. दर्शन घ्यावे, चिंचभात आणि दहीभात खावा आणि गाडी पुन्हा महामार्गाला लावावी, एवढाच बहुतेकांचा कार्यक्रम असतो. देवळात अवश्य जावे. परंतु तीन नद्या, साडेचारशेच्या आसपास पूल आणि सरलेल्या पोलाद उद्योगाच्या खुणा अंगावर वागवणारे हे शहर तेवढ्यावर सोडून जाऊ नये, असे येथे एकोणीस वर्षे राहिल्यावर मी प्रत्येक पाहुण्याला आग्रहाने सांगतो. या आग्रहामागे आपल्या घरचाही एक प्रश्न दडलेला आहे, हे मात्र मला दोन वर्षांपूर्वी माझे मामा येथे आले तेव्हा उमगले.

मामा पाटण तालुक्यातले. विसाव्या वर्षी ते मुंबईला आले, गावच्या गाळ्यात वीस-पंचवीस जणांबरोबर राहिले, खानावळीत जेवले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. तो संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. कामगारच हळूहळू पांगले. मामाही दीड वर्ष वाट पाहून गावी परतले आणि शेतीला लागले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानाचा प्रवास केला तो मामेभावाच्या हट्टापायी, आणि पाच दिवसांसाठी ते आमच्याकडे आले.

विमानतळाकडून येणारा रस्ता फोर्ट पिट बोगद्यातून जातो. बोगदा संपतो त्याच क्षणी नदी, पिवळे पूल आणि उंच इमारती एकदम समोर उभ्या राहतात. शहरात शिरण्याचा इतका देखणा मार्ग मी अन्यत्र पाहिलेला नाही. म्हणून शक्य असेल तर पाहुण्यांनी याच बाजूने यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना पॉइंट नावाच्या बागेत नेले. येथे अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या मिळतात आणि ओहायो नदी सुरू होते. टोकाशी उंच उडणारे कारंजे आहे आणि जवळच १७६४ सालची एक छोटी विटांची गढी आहे, जी शहरातील सर्वांत जुनी इमारत मानली जाते. मामांनी तिकडे फारसे पाहिले नाही. ते बराच वेळ दोन पाण्यांचे रंग न्याहाळत उभे राहिले आणि मग म्हणाले, "कऱ्हाडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात. ह्या दोघी शेजारून चालत आल्यागत वाटतात." ज्याचे गाव कोयनेच्या काठी आहे, त्याच्याच नजरेला हा फरक इतक्या चटकन दिसावा.

संध्याकाळी आम्ही माउंट वॉशिंग्टनच्या डोंगरावर ड्यूकेन इन्क्लाइनने गेलो. सप्तशृंगी गडावरील फनिक्युलर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गाडी लगेच कळेल : दोराला बांधलेले दोन डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. ही सेवा १८७७ पासूनची आहे, डबे त्या काळातले लाकडी आहेत, आणि वरच्या स्थानकात थोडे पैसे भरून यंत्रखोलीत उतरले तर लाकडी दात बसवलेले मोठे चक्र आजही फिरताना दिसते. वरून रात्रीचे शहर अप्रतिम दिसतेच, पण मला मोलाची वाटते ती या गाडीची कथा. १९६२ साली ती बंद पडली. डोंगरावर राहणाऱ्या साध्या लोकांनी घरोघर फिरून पैसे जमवले, दुरुस्ती करवून घेतली आणि १९६३च्या जुलैत गाडी पुन्हा सुरू केली. आज शहराच्या प्रत्येक जाहिरातीत जिचे चित्र असते, ती गोष्ट नगरपालिकेच्या दूरदृष्टीने वाचलेली नाही, शेजाऱ्यांच्या वर्गणीने वाचलेली आहे.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी ओकलंड भागात एक संपूर्ण दिवस द्यावा. तेथे पिट्सबर्ग विद्यापीठाची 'कथीड्रल ऑफ लर्निंग' ही ४२ मजली इमारत आहे. तिच्यासाठी शाळकरी मुलांनी दहा-दहा सेंट दिले होते. तिच्यात निरनिराळ्या देशांच्या परंपरेनुसार सजवलेल्या वर्गखोल्या आहेत, आणि भारताची खोली नालंदाच्या धर्तीवर बांधलेली आहे. जवळच कार्नेगी संग्रहालयांतील डायनोसॉरचे सांगाडे आणि १८९३ सालचे फिप्स काचगृह आहे. शनिवारी सकाळी स्ट्रिप डिस्ट्रिक्ट या जुन्या घाऊक बाजारात जावे. याच बाजारात १९३३ साली सुरू झालेल्या प्रिमँटी ब्रदर्सचे सँडविच मिळते, ज्यात बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि कोबीची कोशिंबीर पावाच्या आतच भरलेली असते. रात्री मालाच्या ट्रकवर असलेल्या माणसाला एका हाताने खाता यावे, म्हणून ते तसे झाले, असे सांगतात. मामांसाठी आम्ही मांस वगळून, चीज घालून ते घेतले. पहिला घास घेताच त्यांना गिरणीच्या फाटकाबाहेरचा वडापाव आठवला, आणि तो आठवणे अगदी योग्य होते. पावात बटाटा भरून चालता चालता खाण्याची गरज दोन्हीकडे कष्टकऱ्यांचीच होती.

परंतु दोनच दिवस असतील तर त्यातला एक मोनोंगहेला नदीच्या वरच्या अंगाला, होमस्टेड आणि रँकिनकडे घालवावा, असे माझे ठाम मत आहे. या काठांवर मैलोन् मैल पोलादाचे कारखाने होते. १८९२ साली होमस्टेडमध्ये अँड्र्यू कार्नेगीच्या कारखान्यात मजुरीकपातीवरून तंटा झाला. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. कारभारी हेन्री क्ले फ्रिक याने कामगारांना बाहेर ठेवून कारखान्याभोवती कुंपण घातले आणि ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खासगी संस्थेचे सुमारे तीनशे रखवालदार दोन पडावांतून नदीमार्गे आणले. काठावर दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली, मग राज्याचे लष्कर आले आणि कामगारांची संघटना मोडून पडली. पोलाद उद्योगात ती पुन्हा पाय रोवून उभी राहायला चार दशकांहून अधिक काळ गेला. सहा वर्षांनी त्याच गावाच्या डोक्यावर कार्नेगीने एक भव्य वाचनालय बांधून दिले, ज्यात संगीतगृह आहे आणि पोहण्याचा तलावही आहे. ते वाचनालय आजही चालू आहे आणि ते जरूर पाहावे, मात्र बारा तासांची पाळी करून आलेला माणूस पुस्तक केव्हा उघडणार होता, हा प्रश्न मनात ठेवून पाहावे.

होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद झाला आणि त्याच्या जागी 'वॉटरफ्रंट' नावाचा मॉल आला. गाडी लावण्याच्या जागेजवळ कारखान्याची बारा धुरांडी एका रांगेत तशीच उभी ठेवली आहेत. मामा तेथे गाडीतून उतरले नाहीत. लोअर परळला गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये ते एकदाच नातवाबरोबर गेले होते आणि त्यानंतर त्यांनी तिकडे पाऊल टाकलेले नाही, हे मला तेव्हाच कळले.

नदीच्या पलीकडे कॅरी फर्नेस आहे. १९०७ सालच्या सहा आणि सात क्रमांकाच्या या दोन झोतभट्ट्या ९२ फूट उंच आहेत. ऐन भरात येथे दिवसाला हजार टनांहून अधिक लोखंड वितळत असे आणि ते रसरशीत लोखंड पुलावरून पलीकडच्या होमस्टेडला नेले जाई. भट्ट्या विझल्यानंतर वर्षानुवर्षे तेथे झाडे माजली, भंगारचोर शिरले. काही कलावंतांनी तर कोणाचीही परवानगी न घेता जागेवरच्याच पाइप आणि तारांतून हरणाचे प्रचंड मस्तक उभे केले, ते अजून तेथे आहे. पुढे 'रिव्हर्स ऑफ स्टील' या स्थानिक संस्थेने पाठपुरावा केला, आणि २००६ साली या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मे ते ऑक्टोबर या काळात माहितगाराबरोबर दोन तास आत फिरता येते. पायात बंद बूट हवेत आणि तिकीट आधी काढावे.

आमच्या वेळचा माहितगार पंचाहत्तरीकडे झुकलेला होता. त्याने स्वतः या खोऱ्यातल्या एका कारखान्यात बावीस वर्षे काम केले होते. वितळलेले लोखंड भट्टीतून ज्या वाळूच्या चरांतून वाहत येई, त्या जमिनीवर उभे राहून तो पाळ्यांविषयी बोलत होता. मामांनी मला मध्येच थांबवून विचारायला सांगितले, की भोंगा किती वाजता व्हायचा आणि तो घरापर्यंत ऐकू यायचा का. प्रश्न ऐकताच तो माणूस आमच्या घोळक्याला सोडून मामांकडे वळला. मग पुढची वीस मिनिटे मी केवळ दुभाषा होतो. तिसऱ्या पाळीत झोप आली तर काय करायचे, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात एकमेकांना हाक कशी मारायची, अशा गोष्टी निघाल्या. मामांनी साचेखात्यातल्या हातखुणा करून दाखवल्या, त्याने भट्टीवरच्या दाखवल्या, आणि त्यांतली 'थांब' म्हणण्याची खूण दोघांची एकच निघाली. निघताना मामांनी भट्टीच्या गंजलेल्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि म्हणाले, "ह्यांनी ठेवलंय. आमचं कुणी ठेवलं न्हाई."

तिकडे मुंबईत गिरण्यांचा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, की कामगाराला घर मिळालेले नाही तेथे संग्रहालये आणि धुरांड्यांचे जतन कशाला? दुसरी जुन्या वास्तूंविषयी कळकळीने बोलते, पण त्या वास्तूत राबलेल्या माणसाचा उल्लेख तिच्या बोलण्यात क्वचितच येतो. पहिल्या बाजूचा राग मला पूर्णपणे पटतो. १९९१च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना आणि उरलेला मालकांना देण्याचे ठरवले होते. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली, आणि शहराच्या वाट्याला यायची जमीन हातची गेली. घरासाठी अर्ज केलेल्या लाखाहून अधिक कामगारांना आणि त्यांच्या वारसांना आता मुंबईपासून दूरच्या शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो, तेव्हा त्यांनी आझाद मैदानात बसावे हेच योग्य आहे.

तरीही घर की आठवण, असा सौदा मांडणे मला मान्य नाही. येथे मी पाहिले आहे की आठवण सोडून दिल्याने कामगाराच्या पदरात दुसरे काही पडत नाही. होमस्टेडमध्ये मॉल झाला म्हणून नोकऱ्या गेलेल्यांची घरे वाचली नाहीत. खोऱ्यातली गावे ओस पडली आणि शेजारच्या ब्रॅडकची गरिबी आजही रस्त्यावरून जाताना दिसते. पिट्सबर्गचे कौतुक करताना आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कॅरी फर्नेस उरली याचे एक कारण असे, की त्या जागेला वर्षानुवर्षे कोणी गिऱ्हाईकच नव्हते. १९५० साली पावणेसात लाखांच्या वर असलेली या शहराची वस्ती आज जेमतेम तीन लाख आहे. परळ-लालबागला जमिनीचा चौरस फूट न् फूट सोन्याच्या भावाचा आहे, त्यामुळे येथला कित्ता तेथे जसाच्या तसा गिरवता येणार नाही, आणि कोणी तसे सुचवू लागले तर त्याला मुंबई कळलेली नाही असेच मी म्हणेन.

मात्र एक गोष्ट जमिनीच्या भावावर अवलंबून नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची चर्चा कितीतरी वर्षे चालू आहे. तेथे कारंजे कोणते आणि दिवे कसे, यावर विचार होतो, तसाच तेथे बोलणार कोण यावरही व्हावा. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. साचेखाते, जॉबर म्हणजे मुकादम, बदली कामगाराचे सकाळी फाटकाशी ताटकळणे, गावच्या गाळ्यातली झोपण्याची पाळी, हे सारे ज्याने भोगले त्याला पगार देऊन, मान देऊन, पाहुण्यांबरोबर फिरण्याचे काम द्यावे. चालता साचा एक असला तरी पुरे. इमारत दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल; ही माणसे तेव्हा नसतील. महापालिकेला जमत नसेल तर कामगार संघटनांनी, मंडळांनी आणि आम्ही परदेशात गणपतीसाठी वर्गणी काढणाऱ्यांनीही यासाठी पैसे उभे करावेत. ड्यूकेन इन्क्लाइन तशीच वाचली होती.

मामा निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या मुलीने शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रिळे टेबलावर मांडली होती. मामांनी एक दोरा तोडला आणि दोन्ही टोके बोटांत धरून, तिच्याकडे पाहत, दोऱ्याकडे न बघता गाठ मारली. चालत्या साच्यावर तुटलेला धागा असाच जोडायचा, ते म्हणाले, गाठ इतकी बारीक हवी की कापडात दिसता कामा नये. तिने पुन्हा दाखवायला सांगितले. त्यांनी पुन्हा दाखवली, मग आणखी सावकाश दाखवली, आणि नवव्या खेपेला तिची गाठ बसली तेव्हा त्यांनी दोरा दिव्याखाली धरून नखाने दोन्हीकडून ओढून पाहिला.