471 रुपये 41 पैसे

आमच्या घरच्या वायफायचं महिन्याचं बिल 942 रुपये 82 पैसे. प्लॅन 799 चा, वर 18 टक्के जीएसटी. दोन वर्षं मी ते निमूट भरतोय. मागच्या महिन्यात रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं की अरे, आपण दिवसाचे बारा तास याच वायफायवर कंपनीचं काम करतो, क्लायंटचे कॉल, डेमो, सर्व्हर झोपला की रात्री अडीचची धावपळ, मग हे बिल कंपनीने का भरू नये? आता कंपनी म्हणजे कोण, तर मी आणि माझा कॉलेजचा मित्र, निम्मे निम्मे. पगार दोघांनाही शून्य. थोडक्यात मी माझ्याकडेच पैसे मागणार होतो, तरी विषय काढायला चार दिवस गेले.

मित्र म्हणाला, "घे की. पण मग माझं पण बिल घ्यायला लागेल हां." त्याचा प्लॅन 1499 चा! एवढा स्पीड कशाला रे, विचारलं तर म्हणे घर मोठंय. त्याचं घर मोठं हा कंपनीचा खर्च कसा काय, यावर आमचं पाऊण तास वाजलं. शेवटी सीएला फोन.

आमचा सीए प्रत्येक वाक्याची सुरुवात "बघू" ने करतो. म्हणाला, "बघू. खर्च निव्वळ धंद्यासाठीचा लागतो, घरगुती वापर वजा करा. जीएसटीचं क्रेडिट पाहिजे तर बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर पाहिजे, तुमचं बिल तर वडिलांच्या नावावर दिसतंय. आणि घराचा वापर किती, कंपनीचा किती, टक्केवारी पाठवा."

टक्केवारीसाठी राउटरचं अ‍ॅप उघडलं आणि तिथेच फसलो. एकूण डिव्हाइस 14. घरात माणसं चार. पहिल्या नंबरवर हॉलमधला टीव्ही, त्यावर बाबांचं सकाळी कीर्तन आणि दुपारी 1990 च्या दशकातल्या मॅचेस, ज्यांचे निकाल त्यांना पाठ आहेत. मग आईचा फोन, बायकोचा टॅब. चौथ्या नंबरवर एक अनोळखी मोबाइल होता, हॅकर बिकर आला की काय म्हणून मी पासवर्ड बदलायला निघालो, तर आई म्हणाली अरे थांब, तो समोरच्या काकूंचा, गणपतीत दिला होता त्यांना. माझा लॅपटॉप सहावा. 640 जीबीतले कंपनीचे 41. या हिशोबाने मला मिळणार साठ रुपये!

मी लगेच पवित्रा बदलला. जीबी नाही, तास मोजायचे. कोड पाठवायला डेटा असा लागतो किती, पण डेमो चालू असताना नेट गेलं तर क्लायंट जातो, त्याची किंमत कुठल्या मीटरवर दिसणार? मित्राला हे पटलं, कारण त्याचा पण फायदा होता. दोघांचंही पन्नास टक्के ठरलं. माझे 471 रुपये 41 पैसे.

राहिलं नाव बदलणं. बाबांना म्हटलं, सही पाहिजे, नेटचं बिल कंपनीच्या नावावर करायचंय. बाबा 34 वर्षं बँकेत होते. चष्मा लावला. म्हणाले, "कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता हाच ना? रजिस्ट्रेशनला माझं लाइट बिल आणि माझीच एनओसी गेली होती ना? माझ्या पाटीखाली तुझी पाटी लावून दिली, तेव्हा काही बोललो का मी?"

मी गप्प.

"मग नुसतं नेटच का?"

संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान माझ्या टेबलावर ठेवलं. खोलीचं भाडं, एसीचे युनिट, खुर्ची (ती आजोबांची, म्हणून घसारा धरलेला नाही, असं कंसात), दिवसाचे पाच चहा, मित्र आला की आठ आणि पोहे. एकूण 11,340 रुपये. आईने पेन्सिलीने खाली लिहिलंय, चहात आलं धरलेलं नाही.

पान सीएला पाठवलं. त्याने फक्त "बघू" असं उत्तर दिलं. बाबांनी मात्र ड्यू डेट टाकलीय, 10 तारीख. आज 9 आहे आणि बिल भरलं नाही तर वायफायचा पासवर्ड कोण बदलू शकतो हे त्यांना परवा मीच शिकवलंय.