आवाज कुणाचा, अक्षर कुणाचं

ऑगस्टात संध्याकाळी पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या आसपास बूड टेकायला जागा मिळणं मुश्कील. पुरुषोत्तमची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी चालू असते, कॉलेजांचे ताफेच्या ताफे फुटपाथवर उतरलेले असतात आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'अरे, आव्वाज कुणाचा' अशी आरोळी ठोकतं. आमचा कट्टा मात्र शाबूत आहे. कट्टा म्हणजे कित्येक वर्षं शटर न उघडलेल्या एका दुकानाच्या तीन पायऱ्या आणि शेजारचं अमृततुल्य.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मास्तर, म्हणजे नववी-दहावीला इंग्रजी शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पक्या, ज्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. शर्वरी, बँकेत. आणि मी. विषय होता आदल्या रात्री मास्तरांकडे बसून पाहिलेला सिनेमा, 'हीदर्स'. १९८९ सालचा, अमेरिकन. तो आम्ही का पाहिला, तर शर्वरीची अकरावीतली लेक त्यावर निघालेल्या संगीत नाटकाची गाणी दिवसभर गुणगुणते आणि तिच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर त्यातला लांब काळा कोट घातलेला पोरगा आहे. 'आधी आपण बघू, मग तिच्याशी बोलू,' असं शर्वरीचं म्हणणं.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ओहायोतली एक शाळा. तिथे तीन मुलींचं राज्य, तिघींचंही नाव हीदर. चौथी व्हेरोनिका, त्यांच्यात आहे आणि नाहीही. तिला भेटतो जेडी नावाचा नवा मुलगा. या कंपूचा त्रास संपवायचा त्याचा उपाय म्हणजे एकेकाला संपवायचं आणि ती आत्महत्या होती असं भासवायचं. आणि हे सगळं विनोदी अंगानं. व्हेरोनिका झालेली विनोना रायडर चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम १६ वर्षांची होती.

"मला तो आवडला याचीच मला लाज वाटतेय," शर्वरीनं बसल्या बसल्या सुरुवात केली.

"मला निम्मा कळलाच नाही," पक्या म्हणाला. "तिघींचं नाव एक, म्हणून काय एवढं? आमच्या वर्गात पाच संदीप होते. आम्ही कुणाला मारलं नाही."

मास्तर म्हणाले, "अरे, नाव एकच ठेवण्यातच गंमत आहे. माणूस बदलला तरी पद तेच राहतं. ती लाल केसपट्टी आठवते का? पहिलीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जाते. दुसरी तोवर बिचारी वाटत होती. केसपट्टी चढल्यावर तीच पहिलीसारखी बोलायला लागते."

"पण मास्तर, मुद्दा तो नाहीये. आत्महत्या हा हसायचा विषय आहे का? माझ्या मुलीच्या वर्गात भिंतीवर टेलिमानसचा, त्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर चिकटवलाय. आणि घरी येऊन ती हे बघणार?"

यावर मास्तर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "तो हसतो ते मेलेल्यांना नाही, मागे राहिलेल्यांना." त्यांना सगळ्यात लागलेला प्रसंग त्या शाळेतल्या बाईंचा होता. आत्महत्यांच्या बातम्यांनंतर त्या सगळ्या मुलांना जेवणाच्या हॉलमध्ये जमवतात, हातात हात धरायला लावतात, भावना मोकळ्या करा म्हणतात, आणि टीव्हीचे कॅमेरे आधीच लागलेले असतात. जिवंतपणी जिच्या नावानं सगळे कापत, ती आता हळवी, एकाकी, कुणाला न कळलेली मुलगी ठरते. तिची लोकप्रियता आणखी वाढते. "हे बघून दुसऱ्या कुणाला वाटणारच की, गेल्यावर तरी आपल्याला विचारतील! म्हणून तर अशा बातम्या मोठ्या मथळ्यात देऊ नका, कसं केलं ते लिहू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आलीय. आपल्या प्रेस कौन्सिलनंही २०१९मध्ये तसे नियम स्वीकारलेत. पेपर वाचून वाटतं का तसं?"

"फ्लेक्स बघून तर अजिबात वाटत नाही," पक्या म्हणाला. आता तो त्याच्या प्रांतात आला होता. "मास्तर, तुम्हाला धंद्यातली गोष्ट सांगतो. पोरगं गेलं की मित्र येतात, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे म्हणतात. फोटो कुठला? तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा. माझ्याकडे फाइल असतेच. त्यात त्यानं गॉगल घातलेला असतो. श्रद्धांजलीला गॉगल चालत नाही. मग दुसऱ्या कुठल्यातरी फोटोतनं डोळे काढून बसवायचे. गळ्यातली चेन तशीच ठेवा म्हणतात. खाली शोकाकुल म्हणून तीच नावं, जी वर्षभरापूर्वी शुभेच्छुक होती. त्याच क्रमानं. क्रम बदलला तर भांडणं होतात."

कुणी काही बोललं नाही. अमृततुल्यवाल्यानं फडक्यातून चहा गाळता गाळता आमच्याकडे बघून घेतलं.

शर्वरी मात्र हटायला तयार नव्हती. तिचा खरा राग जेडीवर होता, म्हणजे त्या वॉलपेपरवर. "तो दिसायला इतका चांगला का घेतलाय? पहिल्याच दिवशी भर कँटीनमध्ये पिस्तूल काढतो, खोट्या गोळ्या झाडतो आणि शाळा काय करते? चार दिवस घरी बस! सिनेमानंतर दहा वर्षांनी, १९९९ला, कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला. लांब कोटवाली पोरं खरी झाली. आणि २०१८ला याच गोष्टीवर मालिका काढली, तर पार्कलंडच्या शाळेत १७ जणं मारली गेल्यावर तीच पुढे ढकलावी लागली. मग कसला विनोद?"

"तिथं कोटामुळे नाही, घरात बंदूक असते म्हणून माणसं मरतात," मास्तर म्हणाले.

"आपल्याकडं कुठं बंदूक आहे? कोयता आहे," पक्या म्हणाला. "उसाचा, नारळाचा. पेपरात रोज कोयता गँग. पकडल्यावर कळतं, पोरगं सतरा वर्षांचं. मग छापून येतं 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. त्या बालकाला तो शब्द वाचता तरी येईल का?"

पुढचा पाव तास कायद्यात गेला. सोळा ते अठरातल्या मुलावर फार गंभीर गुन्हा असेल तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का, याचा विचार २०१५च्या कायद्यानं बाल न्याय मंडळाकडे दिलाय, असं मास्तर सांगत होते आणि पक्या 'सोडतात हो सगळे' एवढंच म्हणत होता. तो भाग मी गाळते. दोघंही तेच तेच बोलत होते आणि समोर एका कॉलेजची आरोळी चालू होती, त्यामुळे निम्मं ऐकूही आलं नाही.

आरोळी थांबल्यावर शर्वरी म्हणाली, "एक मात्र आहे. व्हेरोनिका शेवटी उभी राहते. त्याला थांबवते, शाळा वाचवते. केसपट्टी काढून घेते आणि जिला सगळ्यांनी छळलं त्या मार्थाला म्हणते, चल, आज माझ्याबरोबर सिनेमा बघ. मुलीला दाखवायचाच झाला तर त्या शेवटासाठी दाखवीन."

"तो शेवट लेखकाचा नव्हे बरं का," मास्तर म्हणाले. "डॅनियल वॉटर्सनं लिहिलं होतं की शाळा उडते आणि सगळे स्वर्गात एकत्र नाचतात. स्टुडिओ नको म्हणाला. एवढं करूनही पडलाच. ३० लाख डॉलर खर्चून ११ लाखांच्या आसपास आले. लोकांनी डोक्यावर घेतला तो नंतर. पुढे त्याच्याच भावानं, मार्क वॉटर्सनं, २००४ला 'मीन गर्ल्स' केला, तो तुफान चालला. विषय तोच, फक्त कुणी मरत नाही."

इथे मी तोंड उघडलं. व्हेरोनिकाला एवढ्या स्वस्तात सोडायला मी तयार नव्हते.

"सुरुवातीचा प्रसंग आठवा," म्हटलं. "जेडी अजून आलेलाही नाही. मोठ्या हीदरला मार्थाची चेष्टा करायची आहे. एका खेळाडू मुलानं तिला लिहिलंय अशी खोटी चिठ्ठी हवी आहे. व्हेरोनिकाला कुणाचंही अक्षर हुबेहूब काढता येतं, म्हणून तर ती त्या कंपूत आहे. लिहायला टेकू नाही, तर दुसऱ्या हीदरला वाकायला सांगतात आणि तिच्या पाठीवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली जाते. मजकूर एकीचा, पाठ दुसरीची, अक्षर व्हेरोनिकाचं. जेडीला सुद्धा नंतर तेच लागतं. मेलेल्यांच्या चिठ्ठ्या कोण लिहितं? पिस्तूल त्याचं असेल, पण त्या अक्षरावाचून त्याचं चाललं नसतं."

"ती नाइलाजानं करते," शर्वरी.

"पहिल्या वेळी कसला नाइलाज होता?"

"तुला का एवढी चीड तिची?" मास्तरांनी विचारलं. इतकी वर्षं मुलं पाहिलेला माणूस. त्यांना बरोबर जागा सापडते.

मग सांगावं लागलं. नववीत होते. शाळेचं नाव घेत नाही. स्नेहसंमेलनात फिशपाँड असायचे, आता बहुतेक ठिकाणी बंद झालेत. ऑफिसबाहेर पुठ्ठ्याचा खोका, त्यात मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या. अमक्यावर सिनेमाच्या गाण्याची ओळ, तमकीवर म्हण. बाई त्यातल्या निवडायच्या आणि निवडलेल्या एका दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायला माझ्याकडे द्यायच्या. माझं अक्षर तेव्हा छापल्यासारखं होतं. आमच्या वर्गातही तिघी होत्या. नावं वेगवेगळी, रिबिनी सारख्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला पहिल्यांदाच आपल्या बाकावर बसवलं, डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिली आणि म्हणाल्या, 'ही एक ओळ मधे घाल ना.'

खोक्यात न पडलेली, बाईंनी न पाहिलेली ती ओळ मी सतराव्या आणि अठराव्या नंबरच्या मधे घातली. पुढचे नंबर खोडरबरनं खोडून बदलले, कारण खाडाखोड दिसलेली बाईंना चालायची नाही. ओळ इथे लिहीत नाही. मला अजून पाठ आहे.

निवेदन करणाऱ्या मुलीनं ती वाचली, अख्खा हॉल हसला. जिच्यावर होती तीही हसली. हसावंच लागतं, फिशपाँडला रडलं की दुसरा फिशपाँड पडतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी वही समोर धरून विचारलं, "हे कुठून आलं?" म्हटलं, "बाई, मी फक्त फेअर केलं." बाईंना पटलं. ज्या मुलीचं अक्षर इतकं चांगलं ती असं कशाला करेल? त्या तिघींनाही कुणी काही विचारलं नाही. ती मुलगी पुढच्या महिन्यात क्लासची बॅच बदलून सकाळची घेऊन गेली.

"एवढंच?" पक्या म्हणाला.

"एवढंच."

"मग कशाला मनाला लावून घेतेस? मी तर रोज म्हणतो, मी फक्त छापतो." त्यानं ग्लासातला चहा हलवून तळाची साखर वर आणली. "मध्ये एक माणूस आला होता. साधा माणूस, पीएमपीच्या बसवर ड्रायव्हर. म्हणाला, तुमच्याकडं अमक्या भाईचा बड्डे फ्लेक्स आहे, त्यात माझ्या पोराचा फोटो आहे, तेवढा काढा. बावीस मुंडकी होती, तिसऱ्या ओळीत त्याचं पोरगं. म्हटलं, काका, फाइल पार्टीची आहे, मला काढता येत नाही. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, तो उभा."

"मग?"

"मग काढला. पण ओळीत भोक पडलं ना! एकवीस मुंडकी नीट बसेनात. म्हणून तिथं वाघ टाकला."

"वाघ?"

"डरकाळी फोडणारा. माझ्याकडं स्टॉकला असतो. पार्टीनं विचारलं, हा वाघ कुठला? म्हटलं, फ्री आहे. खूश झाले."

मास्तरांना ठसका लागला. शर्वरी इतकी हसली की शेजारच्या टोळक्यातली पोरं वळून बघायला लागली. मीही हसले. पण पक्या तसा हसत नव्हता. "त्या पोराला त्यांनी नंतर विचारलं असणार, तुझा फोटो का नाही," एवढं म्हणून तो गप्प बसला.

निघता निघता शर्वरीनं जाहीर केलं की लेकीबरोबर ती पुन्हा एकदा सिनेमा बघणार आणि जेडीबद्दल एक अक्षर बोलणार नाही. चिठ्ठीच्या प्रसंगाला फक्त थांबवून विचारणार, 'यात तू कोण?' मास्तर म्हणाले, "असं थांबवून विचारलंस तर ती पुन्हा तुझ्याबरोबर काही बघणार नाही." मलाही तेच वाटतं. शर्वरीला पटलेलं दिसलं नाही.

पैसे द्यायला गेले तर अमृततुल्यवाल्यानं गल्ल्याखालून खाऱ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि मार्कर पेन काढून पुढे केलं. आमच्या गप्पांतलं नेमकं एवढंच त्यानं ऐकलं होतं, की माझं अक्षर चांगलं आहे.

"ताई, एक पाटी लिहून द्या. 'कॉलेजच्या मुलांनी पायऱ्यांवर बसू नये, आरडाओरडा करू नये.' मोठ्या अक्षरात."

"लिहिते. खाली दुकानाचं नाव टाकू ना?"

त्यानं समोरच्या घोळक्याकडे पाहिलं. निम्म्यांच्या हातात त्याच्याच चहाचे ग्लास होते.

"नाव कशाला? पाटीला कुठं नाव असतं?"

"नावाशिवाय नाही लिहिणार."

"मग राहू द्या," असं म्हणून त्यानं पुठ्ठा परत गल्ल्याखाली सारला.