गोगलगायींबाबत सर्वसंमती

पृथ्वीच्या कुशीत जाऊन राहावे ही इच्छा माझ्या मनात केव्हा उत्पन्न झाली, ते मला अगदी नेमके सांगता येते. कार्यालयातल्या वातानुकूलन यंत्राचे पाणी सलग तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ठिबकत होते आणि त्याबद्दलची तक्रार ज्या छापील अर्जावर करायची असते, ते अर्जच त्या पाण्याने भिजून गेले होते. अशा जागी आयुष्य काढण्यापेक्षा माती, पाऊस, बीज आणि पिकते पान यांच्या सहवासात राहावे, असे मला तीव्रतेने वाटले. आणि पुढच्या महिन्यात पृथ्वीला माता मानून शेती करणाऱ्या एका ग्रामीण समुदायाकडे मी उमेदवारीचा अर्ज पाठवूनही दिला. अर्जात दोनच महत्त्वाचे प्रश्न होते. ‘पृथ्वीशी असलेले आपले नाते स्पष्ट करा’ या पहिल्या प्रश्नाला मी चार पानी उत्तर लिहिले. ‘आपल्याला फावडे चालवता येते का?’ हा दुसरा प्रश्न मी नजरचुकीने कोराच सोडला. तिथल्या मंडळींनी आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहिले होते, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

जाण्यापूर्वी मी या विषयाचे वाचन करून ठेवले होते, कारण कोणतेही काम हातात घेण्याआधी त्याविषयी वाचावे आणि जमल्यास वाचण्यावरच थांबावे, अशी माझी प्रकृती आहे. स्कॉटलंडमधल्या फाइंडहॉर्न इथे 1962 साली तीन मोठी माणसे आणि काही मुले एका कॅराव्हॅनमध्ये राहायला गेली, त्यांनी वनस्पतींमधल्या दिव्य शक्तींशी संवाद साधून वाळूत भाजीपाला पिकवला आणि त्यांच्या मळ्यात चाळीस पौंडांचा, म्हणजे सुमारे 18 किलोंचा कोबी निघाला, असे सांगितले जाते. हा कोबी माझ्या डोक्यात घर करून बसला. त्याच वाचनात फ्रूटलँड्सचाही उल्लेख आला होता, परंतु तो मी भरभर चाळला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1843 च्या जूनमध्ये ब्रॉन्सन अल्कॉट आणि चार्ल्स लेन यांनी स्थापन केलेला हा समुदाय इतका तत्त्वनिष्ठ होता की जनावरांकडून काम करून घेणे पाप, गुलामांच्या श्रमाचा म्हणून कापूस वर्ज्य आणि मेंढीच्या मालकीची म्हणून लोकरही वर्ज्य. पुढच्या जानेवारीत तो समुदाय मोडला. मॅसॅच्युसेट्समधला जानेवारी लिननच्या कपड्यांवर काढणे म्हणजे काय असेल, याचा विचार मी त्या वेळी करायला हवा होता.

आमच्या समुदायात 26 माणसे होती. उच्चनीच असा भेद तिथे नव्हता, प्रमुख कोणी नव्हता आणि सर्वांनी एकमेकांना केवळ नावाने हाक मारायची, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका तरुणाने मला “काका, तेवढी बादली सरकवा,” असे म्हटले आणि माझ्यापुरता तो नियम संपला. मळ्याचे काम पाहणाऱ्या बाईंनाही सगळे ‘ताई’ म्हणत. मात्र त्यांच्या ताई म्हणण्यात आदर होता आणि माझ्या काका म्हणण्यात बादली होती.

दिवसाची सुरुवात सूर्योदयापूर्वी होत असे. सर्वांनी अनवाणी वर्तुळात उभे राहायचे, मग गुडघे टेकून दोन्ही तळवे जमिनीवर ठेवायचे आणि पृथ्वीचे मूकपणे आभार मानायचे. मला हे फार आवडले, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. ओल्या मातीचा गारवा तळव्यांतून वर चढत असताना मनातला कार्यालयीन गाळ खरोखरच निवळतो. अडचण एवढीच होती, की आभार मानून झाल्यावर तरुण मंडळी उठत आणि मी तिथेच राहत असे. माझे गुडघे भूमातेला सोडायला तयार नसत. माझी भक्ती सर्वांत दीर्घकाळ चालते, असा पहिल्या आठवड्यात तिथे समज झाला होता.

दुसऱ्या आठवड्यात मला शिंगखत ढवळायला बसवण्यात आले. ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 साली शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेती जन्माला आली आणि तिच्यातला हा मुख्य विधी आहे. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरून ठेवतात, नंतर उकरून काढतात आणि त्यातले मूठभर पाण्यात कालवून शेतावर शिंपडतात. वाचताना हे काव्यमय वाटते. मात्र कालवणे याचा अर्थ पूर्ण एक तास ढवळणे असा आहे. आधी एका दिशेने जोरात ढवळून पिंपाच्या मध्यभागी खोल भोवरा पाडायचा. तो पुरता तयार झाला, की एकदम दिशा उलटवायची. पाणी खळाळते, फेसाळते, गोंधळते आणि मग पुन्हा उलट बाजूने भोवरा पडू लागतो. पहिली दहा मिनिटे मला त्या भोवऱ्यात विश्वाचे चक्र दिसले. विसाव्या मिनिटाला खांद्यातला एक स्नायू दिसला, म्हणजे तो कुठे असतो ते प्रथमच समजले. चाळिसाव्या मिनिटाला मी ताईंना विचारले, “याला एखादे यंत्र लावता येणार नाही का?” ताई शांतपणे म्हणाल्या, “लावता येईल की. पण मग यंत्राची भावना उतरेल पाण्यात. तुमची उतरू द्या.” त्या क्षणी माझी जी भावना होती, ती शेतावर शिंपडण्यासारखी नव्हती. तरीही ती शिंपडली गेली, आणि त्या वाफ्यात पुढे जे घडले त्याचे खापर मी आजही थोडेसे स्वतःवर फोडतो.

त्या वाफ्यात कोबीची रोपे लावली होती. ती लावल्यानंतर तिसऱ्या सकाळी निम्म्या रोपांच्या पानांना भोके पडलेली आढळली, चौथ्या सकाळी काही ठिकाणी नुसत्या शिरा शिल्लक होत्या आणि मातीवर चांदीच्या दोऱ्यासारख्या चकाकणाऱ्या रेषा उमटल्या होत्या. ते काम गोगलगायींचे होते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण मी आयुष्यभर माणसांबद्दल वापरत आलो. पण शास्त्रज्ञांनी या प्राण्यांच्या वर्गाचे नावच ‘उदरपाद’ ठेवले आहे, म्हणजे आपल्या म्हणीला ग्रीक भाषेतूनही दुजोरा आहे. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, ती रात्री हिंडते, आणि बहुतेक जातींत प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे दोघींची गाठ पडली की दोघीही अंडी घालू शकतात. एवढी माहिती मी वाचून काढली आणि सायंकाळच्या सभेत मांडली. या कीडीचा बंदोबस्त तातडीने करावा, असे माझे एक वाक्य त्यात होते. हे वाक्य बोलल्याचा मला पुढे तीन आठवडे पश्चात्ताप झाला.

इथे सभेची पद्धत सांगणे भाग आहे. तिथे मतदान होत नसे, कारण मतदानात कोणीतरी हरतो. ख्रिस्ती धर्मातले क्वेकर पंथीय 17व्या शतकापासून मत न मोजता निर्णय घेत आले आहेत आणि तशाच रीतीने आमच्याकडेही सर्वसंमती होईपर्यंत बोलायचे, असा दंडक होता. एक गुळगुळीत काठी हातोहात फिरे. ती ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. बाकीच्यांनी खुणा करायच्या: दोन्ही पंजे वर करून बोटे हलवली म्हणजे पसंती, अंगठा आडवा धरला म्हणजे शंका, मूठ उगारली म्हणजे संपूर्ण नकार, आणि एकाही मुठीने ठराव अडत असे. पहिल्याच सभेत माझ्या कानांभोवती एक डास घोंघावू लागला आणि मी दोन्ही हातांनी त्याला हाकलले. त्या वेळी नेमका शौचालयाच्या खताची जबाबदारी कोण घेणार, हा विषय चालू होता. माझ्या उत्साहाचे सर्वांनी बोटे हलवून स्वागत केले. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर भुसा पुरेसा टाकला जातो का ते पाहणे, बादल्या खताच्या ढिगावर रित्या करणे आणि लांब दांड्याचा तापमापक ढिगात खुपसून तापमान 55 अंशांच्या वर राहिले आहे की नाही ते वहीत लिहिणे, ही कामे एका डासाने मला मिळवून दिली.

तर गोगलगायींवरची पहिली सभा ‘कीड’ या शब्दावरच संपली. पृथ्वीची सगळीच लेकरे असताना एकाला कीड म्हणणे हा माणसाचा अहंकार आहे, असा मुद्दा निघाला, तो सर्वांना पटला आणि यापुढे त्यांना ‘सहनिवासी’ म्हणावे असे ठरले. त्या रात्री सहनिवाशांनी एक संपूर्ण ओळ फस्त केली. दुसऱ्या सभेत उपाय चर्चेला आले. बिअरने भरलेला उथळ वाडगा मातीत बसवला तर त्या वासाने गोगलगायी येऊन त्यात बुडतात, ही जगभरातल्या माळ्यांची जुनी युक्ती मी सुचवली. त्यावर, कोणालाही फसवून दारू पाजणे हे समुदायाच्या मूल्यांत बसत नाही, असे ठरले. समुदायाच्या सदस्यांना न फसवता पाजणे मूल्यांत बसते का, असे एका तरुणाने विचारले, तेव्हा काठी घाईघाईने पुढे सरकली. मिठाचे नाव कोणी काढले नाही. मी मनातल्या मनात काढले, परंतु काठी माझ्या हातात नसल्यामुळे ते नोंदले गेले नाही.

तिसऱ्या सभेत निवृत्त प्राध्यापकांनी मूठ उगारली. त्यांचे म्हणणे असे, की जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात मांडलेल्या गाया सिद्धान्तानुसार पृथ्वीवरची सजीव सृष्टी आणि निर्जीव परिसर मिळून एखाद्या सजीवाप्रमाणे स्वतःचा तोल स्वतःच सांभाळतात. तेव्हा गोगलगायी वाढल्या असतील तर त्या कमीही होतील, आपण मध्ये हात घालू नये. प्राध्यापक अतिशय सज्जन गृहस्थ होते आणि त्यांचा मुद्दा पुसून टाकण्यासारखा नव्हता. ताईंनी काठी घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि विचारले, “सर, हा तोल सावरायला पृथ्वीला वेळ किती लागतो?” प्राध्यापक प्रामाणिकपणे म्हणाले, “लक्षावधी वर्षेही लागू शकतात.” ताई म्हणाल्या, “कोबीकडे गुरुवारपर्यंत वेळ आहे.”

अखेर तडजोड झाली. रात्री विजेऱ्या घेऊन गोगलगायी हाताने वेचायच्या, प्रत्येकीची क्षमा मागायची आणि त्यांना कुंपणापलीकडच्या झाडीत सोडून यायचे. ठरावाला 26 जणांनी बोटे हलवली. रात्री दहा वाजता वाफ्याशी ताई, तो बादलीवाला तरुण आणि मी असे तिघेच होतो. मला त्या वेळी फ्रूटलँड्सचे एक पान आठवले. तिथे जवाचे पीक काढणीला आले असताना तत्त्वज्ञ पुरुष प्रवासाला निघून गेले होते, वादळ येऊ घातले होते आणि अल्कॉटबाईंनी लहान मुलींना हाताशी घेऊन ते पीक घरात आणले. माझा तत्त्वचिंतनाकडे ओढा असूनही मी या खेपेस मुलींच्या बाजूला कसा आलो, ते मला समजेना.

गोगलगाय बोटांनी उचलणे हा अनुभव सांगण्यासारखा आहे. ती दिसते मऊ, पण पानाला अशी चिकटलेली असते की ओढल्यावर ‘चुट्’ असा बारीकसा आवाज होतो. मग ती बोटाला चिकटते आणि बोटावरून काढावी तर दुसऱ्या बोटाला. तो चिकटा पाण्याने जात नाही, उलट फुगतो. पहिल्या दहा जणींची मी मनापासून क्षमा मागितली. पन्नासाव्या गोगलगायीला “माफ करा” एवढेच म्हणालो. शंभरीनंतर सगळ्या बादलीची एकत्रित क्षमा मागितली आणि ती कुंपणापलीकडे उपडी केली. दुसऱ्या रात्री संख्या तेवढीच भरली. शंखाच्या गोगलगायींना परत घरी येण्याची वाट सापडते, त्यामुळे त्यांना बऱ्याच अंतरावर नेऊन सोडावे लागते, हे मला तेव्हा नव्याने वाचायला मिळाले. तरुणाने एकीच्या शंखावर चुन्याचा ठिपका दिला. ती तिसऱ्या रात्री त्याच वाफ्यात, त्याच ओळीत हजर होती. मला तिच्याविषयी एक प्रकारचा आदर वाटू लागला. मी स्वतः एकदा बाहेर सोडला गेलो असतो, तर इतक्या निष्ठेने परत आलो असतो की नाही, याची मला खात्री नव्हती.

मग ताईंनी बिल मॉलिसन यांचे नाव काढले. डेव्हिड होमग्रेन यांच्यासह पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या टिकाऊ शेतीची मांडणी करणारे हे गृहस्थ म्हणत असत, की तुमच्याकडे गोगलगायी जास्त झालेल्या नसून बदके कमी पडली आहेत. हा विचार माझ्या मनाला एवढा भिडला, की मी त्या सभेत डास नसतानाही दोन्ही हात हलवले. प्राध्यापकांची हरकतही आपोआप मिटली, कारण बदकाने गोगलगाय खाणे हे गायाच्या तोलात बसते. फक्त माणसाने ती उचलणे बसत नाही.

त्याच सभेत कार्यक्रमपत्रिकेवर शेवटचा विषय माझा होता. माझी उमेदवारी संपत आली होती आणि मला कायमचे सदस्य करून घ्यायचे की नाही, हे ठरायचे होते. बदकांचा विषय आधी आला. सहा बदके आणावीत, त्यांना समुदायाचे पूर्ण सदस्य मानावे आणि त्यांची अंडी त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत, हे सगळे 11 मिनिटांत संमत झाले. माझ्या विषयाला काठी तीनदा फिरली. तापमापकाच्या नोंदी व्यवस्थित असल्याचे सर्वांनी मान्य केले. परंतु काही जणांनी मला रात्री बादलीवर वाकून क्षमायाचनेहून वेगळे शब्द उच्चारताना ऐकले होते; प्राध्यापकांनी अंगठा आडवा धरला, आणखी दोघांनी धरला, आणि निर्णय पुढच्या पौर्णिमेपर्यंत तहकूब झाला.

तोवर बदकांना तिन्हीसांजेला खुराड्यात घालून कडी लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे, कारण कोल्ह्याशी सर्वसंमती होऊ शकलेली नाही. काल पाच बदके शहाण्यासारखी आत गेली. सहावे कोबीच्या वाफ्यात उभे होते. त्याच्या पायाशी चुन्याचा ठिपका असलेली ती गोगलगाय संथपणे चालली होती, आणि तिच्याकडे ढुंकूनही न पाहता ते कोबीचे पान खात होते. मी त्याला हुसकले, हात हलवले, विनवले. त्याने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले आणि ते पुन्हा खाऊ लागले. त्याच्या सदस्यत्वाला चार दिवस झाले होते.