सायनो म्हणजे निळा

गेल्या महिन्यात आईने बी-१२च्या गोळ्या परस्पर बंद केल्या. औषधांच्या डब्यात अख्खं पाकीट तसंच पडलेलं दिसलं म्हणून विचारलं, तर तिने मोबाईलच पुढे केला. फॉरवर्ड आला होता: 'तुमच्या गोळीत सायनाइड आहे!' खाली पाकिटाचा फोटो, आणि 'सायनोकोबालमिन' या शब्दाभोवती लाल गोल. आई म्हणाली, "तू रसायनशास्त्र शिकलास ना? मग मला आधी का नाही सांगितलंस?"

मला वाईट वाटलं ते याचं, की मेसेज धादांत खोटा नव्हता. सायनोकोबालमिन म्हणजे गोळीतलं बी-१२, आणि त्यातल्या कोबाल्टच्या अणूला खरोखरच एक सायनाइड गट, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनची जोडी, जोडलेला असतो. म्हणून 'असं काही नसतं गं' म्हणून तिला वाटेला लावणं मला पटेना. कागद घेऊन बसलो. या रेणूचं वजन साधारण १३५५, त्यात सायनाइडचा वाटा २६, म्हणजे जेमतेम दोन टक्के. ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत १० मायक्रोग्रॅमही भरत नाही. तेवढं शरीर सहज निस्तरतं: ऱ्होडनीज नावाचं विकर त्याला गंधक जोडून थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. माणसाच्या जिवावर उठणारी मात्रा याच्या हजारो पट असते.

आकडे तिला पटले, पण नावाची भीती जाईना. मग मी नावाचीच गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते ती शाळेत पहिल्याच तासाला सांगायला हवी.

'कायानोस' हा ग्रीक शब्द. अर्थ गडद निळा. विष नव्हे! १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा लाल रंग करायला बसला होता. त्याच्या पोटॅशमध्ये प्राण्यांपासून काढलेलं तेल मिसळलं गेलं होतं आणि लालऐवजी गर्द निळा रंग तयार झाला, असं सांगतात. तो प्रशियन ब्लू. त्याच रंगातून १७८२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी एक आम्ल वेगळं काढलं, ते प्रुसिक ॲसिड, म्हणजे आजचं हायड्रोजन सायनाइड. जर्मनमध्ये त्याला अजूनही 'निळं आम्ल' अशाच अर्थाचा शब्द आहे. पुढे १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी पाऱ्याचं सायनाइड तापवून एक वायू मिळवला आणि त्याला नाव दिलं सायनोजेन, 'निळा उत्पन्न करणारा'. वायू स्वतः रंगहीन, आणि अतिशय विषारी. निळेपणा फक्त त्याच्या कुळात.

सायनोजेनचं मला सगळ्यात आवडणारं अंग म्हणजे ही कार्बन-नायट्रोजनची जोडी एकाच मूलद्रव्यासारखी वागते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात क्लोराइडचे थेंब टाका, पांढरा साका. सायनाइडचे टाका, पुन्हा पांढरा साका. अल्कलीमध्ये क्लोरीन सोडला की क्लोराइड आणि हायपोक्लोराइट, सायनोजेन सोडला की सायनाइड आणि सायनेट. म्हणून त्याला स्यूडोहॅलोजन, म्हणजे क्लोरीनसारख्या हॅलोजन मूलद्रव्यांचा तोतया, म्हणतात.

पण या कुळातल्या सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. सायनाइडला एक ऑक्सिजन जोडला की सायनेट. अमोनियम सायनेटपासूनच जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी १८२८ मध्ये युरिया बनवला. तेच तीन अणू क्रम बदलून उभे राहिले की फल्मिनेट, आणि सिल्व्हर फल्मिनेट जरा धक्का लागला तरी फुटतं. भोपाळमध्ये १९८४ साली सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट. तो सायनाइड नव्हता, तरी भयंकर होता. म्हणजे नावात 'सायनाइड' नाही म्हणून निर्धास्त राहणंही तितकंच चुकीचं. आणि प्रशियन ब्लूमध्ये लोखंडाने सायनाइड इतकं घट्ट धरलेलं असतं, की शरीरात गेलेलं थॅलियम किंवा किरणोत्सारी सीझियम बाहेर काढायला डॉक्टर तोच रंग कॅप्सूलमधून देतात. ब्राझीलमधल्या गोयानिया इथे १९८७च्या किरणोत्सारी सीझियमच्या दुर्घटनेनंतर तो दिला गेला. पोटॅशियम सायनाइडमधला सायनाइड मात्र पाण्यात लगेच मोकळा होतो, पेशीतल्या श्वसनाच्या विकरातल्या लोखंडाला जाऊन चिकटतो, आणि रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. सायनाइड कुणाच्या हातात आहे, घट्ट की सैल, हे आधी विचारा.

आता आईला सांगितलेला शेवटचा भाग. आगीच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. लोकर, नायलॉन, फोमच्या गाद्या जळल्या की तो तयार होतो. अशा धुरातून सायनाइडची बाधा झालेल्या रुग्णाला जे औषध शिरेतून देतात त्याचं नाव हायड्रॉक्सोकोबालमिन, मोठ्या माणसाला ५ ग्रॅम. हाही बी-१२चाच भाऊबंद. त्यातला कोबाल्ट सायनाइडला आपल्याकडे ओढून घेतो, आणि मग तयार होतं काय? सायनोकोबालमिन! आईच्या गोळीत आहे तेच. विष पकडून झाल्यावर जे उरतं ते. त्याचे स्फटिक गडद लाल असतात आणि अशा रुग्णाची लघवीही लाल होते.

आईने पाकीट हातात घेऊन ते नाव एकेक अक्षर लावत वाचलं. रात्री जेवणानंतर गोळी घेतली. मग मेसेज पाठवणाऱ्या मावशींना फोन लावला. त्यांनीही गोळ्या बंद केल्या होत्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो: "अगं, सायनो म्हणजे निळा. थांब, तुला पहिल्यापासून सांगते. बर्लिनला एक रंगारी होता..."