नळदुर्गचा पूल आणि माझा 'मेंढा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

'मेंढा' या माझ्या अतिजड रणगाड्याच्या मॉडेलवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. उभी हयात इतिहास शिकवण्यात घालवलेला माणूस एवढं मनापासून लिहितो, तेव्हा दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून सुटणं बरं दिसत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. असा रणगाडा जगात कधी झालाच नाही. त्याला साल, वजन, तोफेचा व्यास जोडून मांडणं म्हणजे पोरांच्या डोक्यात खोटा इतिहास भरणं आहे. तुमच्या नातवानं फोटो पाहून तो खराच धरला. चांगल्या किटांची (मॉडेलच्या सुट्या प्लास्टिक भागांच्या संचांची) मोडतोड करून मी नासधूस केली. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "हा गाडा आमच्या नळदुर्गला बोरी नदीच्या पुलावर चढला असता तर पुलासकट खाली गेला असता. त्याच्या आधीच काळ्या रानात रुतला असता. त्यापेक्षा आपला विजयंता रणगाडा करा, काहीतरी खरं करा."

मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. मॉडेलचं निम्मं काम त्याच प्रश्नावर झालंय, प्लास्टिकला हात लावायच्या आधी, वहीत.

'मेंढा'ची कल्पना अशी आहे: दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं नाही, जर्मनीच्या पश्चिम सीमेवरची सिगफ्रीड तटबंदी फोडायला अमेरिकेनं १४० टनांचा चार पट्ट्यांचा रणगाडा बनवला आणि त्यातला एक चाचणीसाठी हिंदुस्थानात, नगरला पाठवला. नाव देवगिरीवरच्या मेंढा तोफेवरून घेतलं, जिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलेलं आहे.

१४० हा आकडा मनाला आला म्हणून लिहिलेला नाही. एक घनमीटर पोलाद ७.८५ टन भरतं. म्हणजे २०० मिलिमीटर जाडीची चिलखती प्लेट एका चौरस मीटरला १.५७ टन होते. समोरची मुख्य प्लेट मी ३ मीटर रुंद, १.२ मीटर उंच, ३०० मिलिमीटर जाड धरली. ती एकटीच साडेआठ टनांच्या आसपास जाते. अशी एकेक प्लेट, बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग), तोफ, दोन इंजिनं, दारूगोळा, पट्टे मांडत गेलो आणि बेरीज १४० वर आली. कुणीही वही तपासावी.

आता काळं रान. मॉडेल १/३५ प्रमाणाचं आहे. एका पट्ट्याचा जमिनीला टेकणारा भाग मॉडेलवर १८० मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात ६.३ मीटर. पट्टा शर्मन या अमेरिकी रणगाड्याच्या शेवटच्या काळातला, २३ इंची. असे चार मिळून साधारण १४.७ चौरस मीटर जागा होते. त्यावर १४० टन वाटले की चौरस सेंटिमीटरला ०.९५ किलो दाब येतो. सुरुवातीच्या अरुंद पट्ट्यांच्या शर्मनचा दाबही जवळपास एवढाच होता. उलट जर्मनांनी प्रत्यक्षात बनवलेला 'माऊस' १८८ टनांचा; त्याचे पट्टे १.१ मीटर रुंद असूनही दाब १.४५ किलोच्या घरात.

म्हणजे 'मेंढा' आपल्या रानात रुतला असता का? वापसा नसताना घातला तर रुतलाच असता, आणि शर्मनही तिथंच रुतला असता. खरा फरक रुतल्यानंतरचा आहे. ३० टनांचा शर्मन त्याच्याच जोडीदारांना तारा बांधून ओढून काढता येतो. १४० टनांना ओढायला काय आणायचं? आपल्याकडे भरलेली उसाची ट्रॉली चिखलात बसली की दोन ट्रॅक्टर लावतात, चाकाखाली मुरूम टाकतात, तरी कधी कधी निम्मा ऊस उतरवावा लागतो. रणगाड्याचं चिलखत असं उतरवून ठेवता येत नाही. अतिजड रणगाड्यांची गोची मला पुस्तकातल्या वाक्यापेक्षा या हिशेबातून जास्त कळली.

म्हणूनच मॉडेलच्या पायावर मी पावसाळा घेतला नाही, वैशाख घेतला. शेतातली काळी माती आधी पिठाच्या चाळणीतून, मग ओढणीच्या कापडातून गाळली, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवली आणि पाटावर पातळ थर देऊन उन्हात ठेवली. भेगा मी कोरलेल्या नाहीत. काळ्या मातीचा गुणच तो. पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसून फाटते. एक-दोन मिलिमीटरच्या भेगा पडल्या, म्हणजे खऱ्यात साडेतीन ते सात सेंटिमीटर. मृगाच्या आधी आपल्या रानात तेवढ्याच असतात.

चार पट्टे का, हाही तुमचा एक प्रश्न होता. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण पट्ट्याखालची जागा चौपटच होते, दाब दुप्पट. मग पट्टे लांब करावेत? तेही जमत नाही. टेकलेल्या पट्ट्याच्या लांबीला डाव्या-उजव्या पट्ट्यांमधल्या अंतरानं भागलं तर उत्तर साधारण १.८ च्या आत राहावं लागतं, नाहीतर रणगाडा वळता वळत नाही. 'मेंढा'चं उत्तर १.७ येतं. राहता राहिलं रुंद करणं. अमेरिकेनं १९४५ मध्ये टी-२८ नावाचा ८६ टनांचा रणगाडा असाच चार पट्ट्यांवर खरोखर उभा केला, तोही सिगफ्रीड तटबंदीसाठीच. दोनच झाले. त्यातला एक १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरच्या आवारात बेवारस सापडला. त्याचे बाहेरचे दोन पट्टे चिलखती झालरीसकट सोडवता येत, एकमेकांना जोडून मागं ओढत नेता येत. रुंदी सुमारे साडेचार मीटरवरून सव्वातीनच्या आत येई, कारण रेल्वेच्या वाघिणीवर त्याहून रुंद माल मावतच नाही. 'मेंढा'चे बाहेरचे पट्टेही तसेच सुटतात. मॉडेलवर मी ते खरोखर सुटे ठेवलेत.

आणि सर, रेल्वेपाशी आलो की तुमच्या पुलाचं उत्तर मिळतं. मुंबई बंदरातून नगरपर्यंत ब्रॉडगेज होती, कारण दौंड-मनमाड लाईन ब्रॉडगेज. तिथून मराठवाड्यात शिरायचं कसं? मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही निजामाची लाईन मीटरगेज. कुर्डुवाडीहून लातूरला येणारी बार्शी लाईट तर अडीच फुटी नॅरोगेज. दोन्हींवर १४० टनांचं धूड चढणं अशक्य. त्यामुळे माझ्या गोष्टीतला 'मेंढा' नगरच्या पुढे येतच नाही. मूळ लेखातली 'नगरच्या माळावरच चाचण्या आटोपल्या' ही ओळ याच हिशेबातून आली आहे. बोरीच्या पुलापर्यंत तो पोचला नाही आणि पोचूही शकला नसता.

हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या आपल्या फौजेनं झपाट्यानं जाऊन बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, म्हणून मागची चिलखती तुकडी जळकोटकडे सरकू शकली. हे तुम्ही वर्गावर शिकवलंत, मीही १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला दरवर्षी ऐकत आलो. पण पूल शाबूत मिळाला या वाक्यात केवढं वजन आहे, ते मला 'मेंढा'ला त्या पुलावरून नेता येईना तेव्हा लख्ख दिसलं. पुलाला पेलतील असे रणगाडे आणि हाती आलेला पूल, दोन्ही असल्याशिवाय ती मोहीम तशी झालीच नसती.

खऱ्या अतिजड रणगाड्यांचंही हेच झालं. 'माऊस'ला पूल पेलणार नाहीत हे त्याच्या अभियंत्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नदीच्या तळातून जायची योजना आखली. त्याचे पट्टे विजेच्या मोटारींवर फिरत, तेव्हा काठावर उभ्या दुसऱ्या 'माऊस'नं केबलनं वीज पुरवायची आणि पहिल्यानं पाण्याखालून पलीकडे जायचं. त्याला वाहायला चौदा आसांची खास वाघीण करावी लागली. फ्रान्सच्या ६९ टनांच्या 'शार २सी'ची कथा तर चटका लावणारी आहे. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांसाठी आखलेले हे दहा रणगाडे. १९४० च्या जूनमध्ये रूळ अडले आणि त्यातले बहुतेक रेल्वेवरच अडकून पडले, तेव्हा त्यांच्याच सैनिकांनी ते उडवून दिले.

आपल्या भागाला तर अशा जड शस्त्राची ओळख फार जुनी आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. सुमारे ५५ टन वजन. परंडा तुमच्याच जिल्ह्यातलं. त्या काळच्या वाटांवरून, सीना-भीमा ओलांडून, ती कशी नेली असेल याचा विचार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त केला असेल. मी 'मेंढा'साठी जे प्रश्न वहीत मांडले ते त्या तोफेच्या गाडीवानांपुढे जसेच्या तसे उभे होते: वाट कोणती, उतार कुठं, माती कशी, किती दिवस.

आता खोट्या इतिहासाबद्दल. कल्पनेला घडलेलं म्हणून खपवणं मलाही मान्य नाही. 'मेंढा'च्या पाटावर जी पट्टी आहे तिची पहिलीच ओळ 'काल्पनिक रणगाडा' अशी आहे, मराठीत, ठळक. कोणत्याही खऱ्या रेजिमेंटचं चिन्ह किंवा क्रमांक मी त्यावर लावलेला नाही. त्या चिन्हांखाली खरी माणसं लढली आणि मेली आहेत. ती माझ्या कल्पनेवर चिकटवायची नाहीत, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. नातवानं तो खरा धरला, कारण त्याला तो पटला. त्याला एवढंच विचारा, "हा खरा असता तर नदी कशी ओलांडली असती?" पोरगं उत्तर शोधायला लागलं की त्याच्या हाती 'माऊस' येईल, टी-२८ येईल, आणि बोरीचा पूलही येईल.

किटांच्या नासधुशीबद्दल फार लिहीत नाही. एकही धड किट मी मोडलेलं नाही. कंपन्या एकाच साच्यात रणगाड्याच्या दोन-तीन प्रकारांचे भाग देतात, त्यामुळे प्रत्येक किटमागे मूठभर भाग उरतातच. बोगी (चाकांच्या जोड्या), हॅच (आत-बाहेर जायची झडप), जाळ्या, हुक सगळे त्या डब्यातले, आणि काही मित्रांच्या तुटक्या मॉडेलांतले. बाकीचं अंग प्लास्टिकच्या कोऱ्या शीटचं.

पण उरलेला भाग कुठंही डकवला असंही नाही. इंजिनावर शर्मनच्या जाळ्यांचे दोन संच शेजारी-शेजारी आहेत, कारण ८६ टनांचा टी-२८ पाचशे अश्वशक्तीच्या एका फोर्ड इंजिनावर ताशी जेमतेम १३ किलोमीटर जाई. १४० टनांना तसली दोन इंजिनं लागणारच, आणि दोन इंजिनांना दोन श्वास. बुरुजावरचं हॅच मी १/४८ च्या, म्हणजे लहान प्रमाणाच्या डब्यातून घेतलं नाही, दिसायला छान होतं तरी. माणसाचे खांदे ४६ सेंटिमीटर धरले तर १/३५ मध्ये ते १३ मिलिमीटर होतात. त्या हॅचमधून तोफची बाहेर आलाच नसता.

वेल्डचं काम तर मला सगळ्यात प्रिय. दोन प्लेट जिथं भेटतात तिथं बारीक खोबण करायची. किटच्या सांगाड्याची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसाएवढी तार निघते, ती खोबणीत बसवायची आणि वरून प्लास्टिक चिकटवायचं पातळ सिमेंट फिरवायचं. मिनिटभरात प्लास्टिक लोण्यासारखं होतं. तेवढ्यात ब्लेडच्या पाठीनं एकाला एक लागून चंद्रकोरी दाबत जायच्या. उशीर झाला तर तार कडक होते, घाई केली तर चिरडते. जमलं की वेल्डरनं ओतलेली ओळ दिसते, आणि शर्मनचा भाग मग शर्मनचा राहत नाही.

विजयंता मी केलाय, सर. तिथं शंका आली की नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन उभ्या रणगाड्याकडे पाहायचं; तो सांगेल ते खरं. 'मेंढा'ला असा साक्षीदार नाही. त्याच्या प्रत्येक रिव्हेटचं कारण मलाच द्यावं लागतं, आणि वजन, माती, रूळ, पूल यांच्यापुढे माझी मर्जी चालत नाही. म्हणून खऱ्या रणगाड्यांची मॉडेलं करून झाल्यावर मी हे हाती घेतलं, आणि पुढेही करणार आहे.

लातूरला येणं झालं तर नातवाला घेऊन घरी या. बाहेरचे पट्टे त्याच्याच हातानं काढू द्या, वाघिणीच्या मापाची चौकट मी करून ठेवली आहे. वजनाच्या वहीची पानं पुढच्या लेखात टाकतो. त्यातल्या पुलाच्या हिशेबावर तुम्ही लाल शाई फिरवलीत तर मला आवडेल.

कळावे, लोभ असावा.