हळू चालवायची मोटार

शिलाई मशीनला मोटार बसवायची म्हटलं की समोरचा माणूस धरूनच चालतो की हिला फास्ट शिवायचंय. मला हळू शिवायचं होतं. एवढं साधं वाक्य मी बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीतल्या टर्नरपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून बघितलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांनी फास्टच ऐकलं.

मशीन म्हणजे सिंगर 45के, काळी, बिडाची, लेदर आणि ताडपत्री शिवणारी. विकणारा म्हणाला मिलिट्रीतली हाय. बेळगावात जुनं काहीही विकायला काढा, कपाट असो की सायकल, ते कॅम्पातनं मिलिट्रीतलंच निघतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावात असल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुणी करून घेतला नसेल. मॉडेलमधला के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो 1980 मध्ये बंद पडला पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. कारखाना गेला, पाटी राहिली. आमच्याकडं पाट्यांचं काय काय होतं ते बेळगावकरांना मी काय सांगू.

तर चाक हलत नव्हतं. गंज वरवरचाच होता, खरी अडचण आत होती, पिढ्यान् पिढ्या घातलेलं तेल वाळून घट्ट बसलेलं. जुनी माणसं म्हणाली रॉकेल घाल, आता रॉकेल कुठं मिळतंय, मग डिझेल आणलं. नवऱ्याचे जुने बनियन, दात घासायचा ब्रश, डिझेल, परत बनियन. घरात असा वास की सासूबाई देवघराचं दार लावून पूजा करायच्या. चाक हळूहळू पाव फिरलं, अर्धं फिरलं, मग एका संध्याकाळी पूर्ण फिरलं आणि मी ओरडले तेव्हा नवरा धावत आला, त्याला वाटलं बोट गेलं.

दरम्यान शहापूरच्या आमच्या गल्लीत बातमी पसरली होती. बाईमाणसाच्या घरी मशीन आली म्हणजे ती ब्लाऊजचीच. समोरच्या काकू साडी घेऊन हजर, "फॉल-पिको करतीस काय गं?" मी म्हटलं, काकू ही लेदरची मशीन, सुई 22 नंबरची आहे, साडीला भोकं पडतील. "असू दे की, काठालाच तर मारायचंय!" मग वैनी परकर घेऊन आल्या, मग कुणाची तरी दप्तराची चेन. चेन मात्र करून दिली. ती एक केली आणि गल्लीतल्या सगळ्या चेनी त्याच आठवड्यात तुटल्या.

आता मोटार. मोटारवाल्या अण्णांचं दुकान म्हणजे तारांची भेंडोळी, त्यात अण्णा, आणि अण्णांचं ठरलेलं वाक्य, "नाळे बर्री अक्का," म्हणजे उद्या या ताई. तो नाळे एकदाचा उगवला तेव्हा त्यांनी गारमेंटमधली जुनी क्लच मोटार काढली, 2850 आरपीएम म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, वर चार इंची पुली. माझ्या मशीनचं चाक आठ इंच. पुलीचं गणित सोपं असतं, मोटारची पुली निम्मी तर मशीन निम्म्या वेगानं, आणि चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. म्हणजे मिनिटाला 1425 टाके, सेकंदाला जवळजवळ 24. चार एमएमचा टाका धरला तर सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर लेदर सुईखालनं जाणार, कमरेचा पट्टा अकरा सेकंदात संपणार, आणि माझं बोट लेदरच्या मागनंच येत असतं हे गणितात कुठं धरलेलंच नव्हतं. मी अण्णांना हे सांगितलं. अण्णा खूश होऊन म्हणाले, "हौद की (होय की), गाडी एकदम पॉवरफुल!"

जोडल्यावर आधी ती उलटी फिरली. खाली दोऱ्याचा गुंता. अण्णांनी स्टार्टिंग वाइंडिंगच्या वायरी अदलाबदल केल्या, मग सुलटी फिरली, आणि क्लच मोटारचं असं असतं की तुम्ही शिवा नाहीतर बसून राहा, ती आत फिरतच राहते आणि घुमतच राहते. मागच्या घरातनं विचारणा झाली, गिरणी घातलीय काय, ज्वारी दळून मिळंल काय.

कापडाचं बरं असतं, चुकलं तर उसवून परत शिवा. लेदरला पडलेलं भोक भरत नाही. पायडलवर पाय जरा जोरात पडला की पर्सच्या कडेनं टाके थेट शेजारच्या खिशात, आणि तो तुकडा बाद. वर मशीन टाके सोडायला लागली. मग मी खाली बसून टॉर्च लावून एका हातानं चाक फिरवत बघितलं, सुई तळाला जाऊन दोन-अडीच एमएम वर उचलली की दोऱ्याचा एक छोटा फासा होतो, आणि नेमक्या त्या वेळी शटलचं, म्हणजे खालचा दोरा धरणाऱ्या भागाचं, टोक सुईच्या छिद्राच्या जरा वरनं त्या फाशातनं निघायला पाहिजे. माझं शटल उशिरा पोचत होतं. सरकारी ऑफिसात चालतं, मशीनमध्ये नाही. स्क्रू ढिला करायचा, किंचित सरकवायचं, आवळायचं, आवळताना ते परत आपल्या जागी जायचं. ते एकदा जुळल्यावर दोऱ्याची गाठ लेदरच्या बरोबर मधोमध जाऊन बसली, वरनं पण दिसेना, खालनं पण. मी ते तुकडं सगळ्यांना दाखवत सुटले. काय बघायचं ते कुणालाच कळेना.

लेदर मी अथणीकडच्या एका मामांकडनं आणते, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. ते भोकं पाडायची आरी आणि चामडं कापायची रापी घेऊन बसतात, चप्पल चामड्याच्या वादीनंच शिवतात, खिळा नाही, दोरा नाही, मोटार तर नाहीच. माझी सगळी कथा त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग आता हातापेक्षा हळू चालती काय?" ह्या मामांसारख्यांच्या चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, कोल्हापुरी नावानं, चार जिल्हे महाराष्ट्रातले आणि बेळगाव धरून चार कर्नाटकातले. सीमाप्रश्न भिजत पडलाय पण चपलेचं एकमतानं मिटलं.

शेवटी सर्वो मोटार घेतली, ऑनलाइन, अण्णांना न सांगता. पाय ठेवला तरच फिरते, वेग आकड्यात कमी करता येतो, आवाज नाही. पण सर्वो फार हळू केली की तिचा दम जातो, दोन थर लेदर आले की सुई मधेच अडकून बसते. म्हणून मोटारवर दोन इंची पुली आणि मधे एक रिड्यूसर, छोटी पुली मोठ्या पुलीला फिरवते, तीनास एक. वेग तीनपट कमी आणि ताकद जवळजवळ तीनपट जास्त. उद्यमबागेत पुल्या करून घेतल्या, टर्नर तिथं पण म्हणाला, ताई, उलटं बसवलंत तर तीनपट पळंल. मोटार 300 वर ठेवली की आता मिनिटाला 25 टाके पडतात. एक टाका, बघायचं, पुढचा टाका. कोपऱ्यावर वळताना सुई लेदरमध्ये ठेवून थांबता येतं, आणि ह्या थांबण्यासाठी जेवढे पैसे गेले तेवढ्यात नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणं दोन तयार ब्रँडेड पर्स आल्या असत्या. येऊ देत.

परवा अण्णा घरी आले, जुन्या मोटारचं काय झालं बघायला. मी पट्टा शिवून दाखवला. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले, चहा संपला तरी पट्टा संपला नव्हता. मग माझ्याकडं बघून फार मायेनं म्हणाले, "अक्का, मोटार वीक हाय तुमची. दुकानात आणा, फास्ट करून देतो. तुमच्याकडनं जास्त घेत नाही."